जुनं, अस्सल, स्थानिक: लिस्बनच्या बाजारात संशोधकाने विचारायचे प्रश्न

माझ्या टेबलावर एक टाइल आहे. साधारण चौदा सेंटिमीटर लांबी-रुंदीची, पांढऱ्यावर निळी नक्षी, एक कोपरा उडालेला. मागे चुन्याचा वाळलेला थर. पीएचडीच्या पहिल्या वर्षी गोव्याची कागदपत्रं पाहायला लिस्बनला गेले होते, तेव्हा ही विकत घेतली. दुकानदाराला विचारलं, "कुठली आहे?" तो म्हणाला, "एका जुन्या घराची." तेवढ्यावर माझं समाधान झालं. दिवसभर दफ्तरखान्यात बसून प्रत्येक कागदाचा गठ्ठा, क्रमांक, तारीख, शिक्का टिपून घेणारी मी, संध्याकाळी दुकानात मात्र दुसरा प्रश्न न विचारता पैसे देऊन मोकळी झाले.

आज ती चूक तुमच्यासमोर मांडते आहे, कारण संशोधनाची तयारी करताना आपल्याला कागद वाचायला शिकवतात, पण वस्तू वाचायला सहसा कुणी शिकवत नाही. म्हणून आज आपण लिस्बनच्या बाजारात जाऊ. प्रवासी तिथून हमखास आणतात त्या चार गोष्टी बघू: टाइल, वाइन, रंगीत कोंबडा आणि (खिशाला परवडत असेल तर) एखादं जुनं कपाट. प्रत्येकावर एक अदृश्य चिठ्ठी लावलेली असते. "जुनं", "अस्सल", "इथलं". ही चिठ्ठी कुणी, कधी आणि का लावली, एवढंच आपल्याला विचारायचं आहे.

आधी बाजार

लिस्बनचा जुना बाजार म्हणजे फैरा द लाद्रा. साव व्हिसेंते द फोरा या मठाच्या मागे, सांता क्लाराच्या मैदानावर तो मंगळवारी आणि शनिवारी भरतो. जमिनीवर चादरी अंथरून मांडलेले चमचे, कुलपं, फोटो, नाणी, तुटक्या बाहुल्या, देवाच्या मूर्ती. पुण्याचा जुना बाजार ज्याने पाहिला आहे त्याला परकं वाटणार नाही.

पोर्तुगीजमध्ये 'लाद्रा' म्हणजे चोरटी बाई. त्यामुळे 'चोरटीचा बाजार' हा अर्थ सगळे सांगतात. दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते: जुन्या सामानात सापडणाऱ्या किड्याच्या नावावरून हे नाव पडलं. आपल्याकडे मुंबईच्या चोर बाजाराबद्दल 'मुळात हा शोर बाजार' अशी गोष्ट सांगतात, तसाच हा प्रकार. अशी व्युत्पत्ती ऐकली की लगेच वहीत 'पुरावा' म्हणून लिहू नका. ती बाजाराच्या जन्माबद्दल फारसं सांगत नाही. लोकांना त्या बाजाराबद्दल काय वाटतं ते मात्र सांगते.

बाजाराची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे नेली जाते. पण आजच्या जागी तो १८८२ पासून भरतो, आणि आपल्यासाठी हे साल महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी लिस्बनमध्येच पोर्तुगीज आणि स्पॅनिश अलंकरणकलेचं मोठं प्रदर्शन भरलं. १८८४ मध्ये त्याच वास्तूत संग्रहालय उघडलं, तेच आजचं प्राचीन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय. म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी काही जुन्या वस्तू महालात काचेमागे गेल्या आणि काही मैदानात चादरीवर.

एवढ्या जुन्या वस्तू आल्या कुठून? एक मोठं कारण राजकीय आहे. १८३४ मध्ये उदारमतवादी सरकारने पुरुषांचे सगळे धार्मिक संघ बरखास्त केले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. जोगिणींच्या मठांत नव्या जोगिणी घ्यायला बंदी झाली आणि शेवटची जोगीण वारली की मठ बंद, असं ठरलं. चित्रं, चांदी, लाकूडकाम, पुस्तकं, टाइल्स अशा शेकडो वर्षांच्या साठ्याची पांगापांग झाली. काही संग्रहालयात गेलं, काही लिलावात, काही कुणाच्या घरी. युरोपातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारामागे अशी एखादी जप्ती, युद्ध किंवा दिवाळखोरी बहुतेक वेळा सापडते. साव व्हिसेंतेचा मठही त्या १८३४च्या कायद्यानेच रिकामा झाला होता. रिकाम्या मठाच्या मागे जुना बाजार भरतो, हे चित्र लक्षात ठेवा.

टाइल

या टाइलला पोर्तुगीजमध्ये 'अझुलेझु' म्हणतात. 'अझुल' म्हणजे निळा, म्हणून निळी ती अझुलेझु, असं गाइड सांगतात. तसं नाही. शब्द अरबी आहे, आणि त्याचा अर्थ गुळगुळीत घासलेला लहान दगड असा होतो. सुरुवातीच्या टाइल्स निळ्या-पांढऱ्या नव्हत्याच. सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल पहिला याने सिंत्राच्या राजवाड्यासाठी टाइल्स मागवल्या त्या स्पेनमधल्या सेव्हियाहून, हिरव्या-तपकिरी रंगांच्या, अरबी वळणाच्या. निळ्या-पांढऱ्याची लाट सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. चीनची पोर्सेलिन भांडी आणि त्यांची नक्कल करणाऱ्या डच टाइल्स यांचा तो परिणाम. म्हणजे ज्याला आपण 'पोर्तुगालची खूण' समजून पिशवीत टाकतो, त्याचं नाव अरबी, पहिली खेप स्पॅनिश आणि रंग चीनमार्गे हॉलंडचा.

मग त्यात पोर्तुगीज काय? वापर. घराची, चर्चची, जिन्याची अख्खी भिंत टाइल्सनी मढवून तिच्यावर गोष्ट सांगायची पद्धत पोर्तुगालने जितकी वाढवली तितकी क्वचितच कुणी. लिस्बनच्या टाइल संग्रहालयात सुमारे १७०० सालचा एक पट आहे, जवळजवळ २३ मीटर लांब. त्यात नदीकाठचं सगळं शहर दिसतं: राजवाडे, मठ, गोद्या, बाजार. १ नोव्हेंबर १७५५ ला झालेल्या भूकंपात, त्यानंतरच्या लाटेत आणि आगीत त्यातलं बरंचसं नष्ट झालं. आशियाच्या व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या 'काझा द इंदिया' या कचेरीची कागदपत्रंही गेली. गोव्याच्या व्यापारावर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ती पोकळी भेटतेच. कागद जळाले तेव्हा भिंतीवरची टाइल साधन म्हणून उरली.

भूकंपानंतर शहर घाईने उभं करायचं होतं. तेव्हा साधी, पुन्हा पुन्हा येणारी, स्वस्त नक्षी आली. १७६७ मध्ये रातूचा राजकारखाना सुरू झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात टाइल घराच्या दर्शनी भिंतीवर आली आणि आज फोटोत दिसतं ते लिस्बन तयार झालं.

आता माझ्या टाइलकडे परत या. एका भिंतीत शेकडो टाइल्स मिळून एक नक्षी होते. एक सुटी काढली की तिची किंमत बाजारात काही युरो, आणि भिंतीत एक भोक. चोरीचं प्रमाण इतकं वाढलं की २००७ मध्ये पोर्तुगालच्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने 'एसओएस अझुलेझु' हा प्रकल्प हाती घेतला. चोरीला गेलेल्या टाइल्सचे फोटो लोकांसमोर ठेवणं हा त्यातला एक साधा पण परिणामकारक उपाय. २०१३ मध्ये लिस्बन महापालिकेने दर्शनी भिंतींवरच्या टाइल्स काढण्यावर निर्बंध आणले आणि २०१७ मध्ये देशभरासाठी कायदा झाला.

हे सगळं मी वाचलं ते टाइल घेऊन आल्यानंतर. माझी टाइल चोरीची आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि नाही असं म्हणायलाही नाही. अडचण नेमकी हीच आहे. चुना मागे आहे, म्हणजे ती कधीतरी भिंतीत होती. कुठल्या गल्लीतली, कुठल्या मजल्यावरची, शेजारची टाइल कोणती, हे सगळं ती भिंतीतून निघाली त्या दिवशी पुसलं गेलं. गठ्ठ्यातून फाडलेलं पान असतं ना, क्रमांक नसलेलं, तसंच हे.

वाइन

दुसरी हमखास खरेदी पोर्ट वाइनची. लिस्बनच्या दुकानात 'इथली खासियत' म्हणून बाटली हातात देतात. पण ती वाइन लिस्बनची नाही. फार काय, नाव पोर्तो शहराचं असलं तरी द्राक्षं तिथलीही नाहीत. ती येतात दोउरो नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या डोंगरउतारांवरून. पोर्तो हे बंदर. माल जिथून जहाजावर चढला त्या जागेचं नाव मालाला पडलं.

आणि ही वाइन मोठी केली ती इंग्रज गिऱ्हाइकाने. फ्रान्सशी इंग्लंडचं वाकडं होतं. १७०३ च्या मेथुएन करारानुसार पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा एकतृतीयांश कमी जकात बसायची आणि बदल्यात इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचा बाजार खुला झाला. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून वाइनमध्ये ब्रँडी मिसळत. पुढे आंबण्याची क्रिया चालू असतानाच ब्रँडी घालायची पद्धत रुळली, त्यामुळे द्राक्षातली साखर शिल्लक राहते आणि वाइन गोड होते.

मागणी वाढली तशी भेसळ वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डर झाडाच्या फळांचा रस घालत. भाव कोसळले. तेव्हा राजाचा बलाढ्य मंत्री, पुढे मार्किश द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, याने १७५६ मध्ये एक सरकारी सनदेची कंपनी काढली, उत्तम वाइनचा प्रदेश आखून दिला आणि हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले. असे ३३५ खांब रोवले गेले. त्या प्रदेशातली एल्डरची झाडं उपटायचा हुकूम निघाला. कायद्याने सीमा आखून वाइनच्या दर्जाची हमी देण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक.

पर्यटनाच्या पत्रकात गोष्ट इथे संपते. आपण थोडं पुढे वाचू. कंपनीला पोर्तोच्या दारूगुत्त्यांना वाइन पुरवण्याचा मक्ता मिळाला होता. वाइन महागली, छोट्या गुत्तेदारांचा धंदा बसला आणि फेब्रुवारी १७५७ मध्ये पोर्तोत दंगल उसळली. सरकारने तो राजद्रोह ठरवला आणि अनेकांना फाशी दिली. 'अस्सल' या शिक्क्याच्या कडेला ही माणसं उभी आहेत. हद्द आखली की आत कोण आलं हे सगळे लिहितात. बाहेर कोण राहिलं, हे तुम्ही शोधा.

मग लिस्बनची खरी स्थानिक वाइन कोणती? शहराजवळची कोलारेश, बुसेलाश, कार्काव्हेलुश. यांपैकी कोलारेशची गोष्ट मला फार आवडते. अटलांटिकच्या काठी वाळूत तिचे वेल लावतात. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. ती किडी मुळांवर जगते, पण वाळूत तिचा टिकाव लागत नाही. म्हणून इतरांना अमेरिकन वेलांच्या मुळांवर कलमं करावी लागली, तर कोलारेशचे वेल स्वतःच्याच मुळांवर राहिले. किडीने जे जमलं नाही ते विसाव्या शतकात घरबांधणीने केलं. शहर पसरलं, समुद्रकाठची जमीन महागली, मळे आक्रसले. दुकानात 'स्थानिक' म्हणून जास्त दिसते ती दूरची वाइन, आणि खरोखर जवळची शोधावी लागते. कारण बाटली फडताळावर येते ती अंतराच्या हिशेबाने नाही, व्यापाराच्या.

कोंबडा

तिसरी वस्तू स्वस्त आणि हलकी. काळा, लाल तुऱ्याचा, अंगावर बदाम आणि ठिपके असलेला मातीचा कोंबडा. टॉवेलवर, चुंबकावर, बाटलीच्या बुचावर सगळीकडे तोच. तो मुळात उत्तरेतल्या बार्सेलुश गावचा. खोट्या आळातून एका यात्रेकरूला वाचवण्यासाठी ताटातला भाजलेला कोंबडा आरवला, अशी तिथली दंतकथा आहे.

कथा जुनी आहे. बार्सेलुशच्या कुंभारांची कलाही जुनी आहे. पण हा कोंबडा साऱ्या देशाचं चिन्ह झाला तो विसाव्या शतकात, सालाझारच्या हुकूमशाहीत. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रचार सचिवालयाचा प्रमुख अंतोनिओ फेर्रो याने लोककला हे राजवटीच्या प्रतिमेचं साधन बनवलं. १९३५ मध्ये जिनिव्हाला पोर्तुगीज लोककलेचं प्रदर्शन झालं आणि १९४८ मध्ये लिस्बनच्या बेलेंग भागात लोककला संग्रहालय उघडलं. साधा, कष्टाळू, समाधानी, धर्मभीरू खेडूत अशी देशाची प्रतिमा या वस्तूंतून जगासमोर मांडली गेली. त्याच काळात खेड्यातलं दारिद्र्य आणि निरक्षरता मोठी होती, हे त्या मांडणीत दिसत नव्हतं.

म्हणून कोंबडा खोटा ठरतो का? नाही. 'खरं की बनावट' हा प्रश्न इथे अपुरा पडतो. कुंभाराने तो हाताने केला, रंगवला, त्यावर घर चालवलं, हे खरंच आहे. आपला प्रश्न असा हवा: गावातल्या अनेक वस्तूंमधून हीच का निवडली? निवडणाऱ्याकडे सत्ता कोणती होती? एवढे प्रश्न विचारलेत की तीन इंचांचा कोंबडा सरकारी धोरणाचं साधन म्हणून वाचता येतो.

कपाट

शेवटची वस्तू आपल्या घरची आहे, म्हणून तिथे जरा जास्त वेळ थांबू. लिस्बनच्या संग्रहालयांत आणि महागड्या दुकानांत 'कोंतादोर' नावाची कपाटं दिसतात. असंख्य छोटे खण, सागाच्या लाकडात शिसवी आणि हस्तिदंताची जडणी, खाली उंच घडवंची. घडवंचीच्या पायांवर कधी कधी कमरेखाली शेपटी असलेल्या स्त्रिया कोरलेल्या असतात. कुणी त्यांना जलपरी म्हणतं, कुणी नागिणी. पाटीवर बहुधा एवढंच असतं: 'इंडो-पोर्तुगीज, गोवा, १७वं शतक'.

करणाऱ्याचं नाव? जवळजवळ कधीच नसतं. ज्याच्या घरात कपाट होतं त्या उमरावाचं नाव असतं, ज्याने दान दिलं त्याचं असतं. 'इंडो-पोर्तुगीज' ही संज्ञा रूढ झाली ती १८८१ चं लंडनचं आणि १८८२ चं लिस्बनचं प्रदर्शन, यांच्या सुमाराच्या संग्राहकांच्या जगात. गोव्याच्या सुताराला आपण 'इंडो-पोर्तुगीज' काही करतोय याची कल्पना असणं शक्य नाही. तो गिऱ्हाइकाने सांगितलेलं कपाट करत होता.

मग त्या कारागिराला शोधायचं कुठे? त्याने स्वतः काही लिहून ठेवलेलं सहसा मिळत नाही. पण १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून पवित्र प्रतिमा करून घ्यायला मनाई केली. ही मनाई नीट वाचा. जे होतच नाही त्याला कुणी मनाई करत नाही. म्हणजे हिंदू कारागीर चर्चसाठी काम करत होते, आणि ते थांबवावं असं वाटण्याइतकं ते होत होतं. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन यानेही तिथल्या हिंदू कारागिरांचं वर्णन केलं आहे. हुकूम, प्रवासवर्णन आणि कपाटाच्या पायाची नागीण, ही तीन साधनं शेजारी ठेवली की एक माणूस धूसर का होईना, दिसू लागतो. एकट्या कपाटावरून तो दिसला नसता.

आणि वस्तूंचा प्रवास एकाच दिशेने होतो असं समजू नका. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला टांगलेल्या घंटेवर १७२९ हे साल आहे. त्या घंटेला तुम्ही काय म्हणाल? पोर्तुगीज? मराठी? युद्धातली लूट? देवाला वाहिलेलं दान? चारही खरं आहे, वेगवेगळ्या सालांत. वस्तूची ओळख सांगताना साल जोडलं नाही तर वाक्य अर्धवट राहतं.

तर बाजारात काय विचाराल?

प्रबंधात एखादी वस्तू साधन म्हणून वापरणार असाल, किंवा नुसती घरी नेणार असाल, तरी निदान हे प्रश्न वहीत लिहून ठेवा.

पहिला: ही मूळ जागेवरून कधी आणि कशी निघाली? विकली गेली, जप्त झाली, लुटली गेली की उपटून काढली?

दुसरा: मधले मालक कोण? साखळीतला एखादा दुवा गायब असेल तर 'इथे दुवा नाही' असं स्पष्ट लिहा. अंदाजाने भरू नका.

तिसरा: तिला हे नाव कुणी दिलं? कारागिराने, व्यापाऱ्याने, सरकारने की संग्रहालयाने?

चौथा: या नावामुळे कोण दिसेनासं झालं?

पाचवा, व्यवहारातला: कायदा काय म्हणतो? भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार निदान शंभर वर्षं जुन्या अशा वस्तू 'पुरावशेष' ठरतात, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. गोव्यातल्या जुन्या घरातली खुर्ची किंवा वसईच्या वाड्यातली पेटी यांनाही हे लागू पडू शकतं. फील्डवर्कला गेलात आणि कुणी प्रेमाने जुनी पोथी हातात ठेवली, तर फोटो घ्या, नोंद करा, पोथी त्यांच्याकडेच राहू द्या.

शेवटी माझ्या टाइलचं काय केलं, ते सांगते. एसओएस अझुलेझुसाठी प्रसिद्ध झालेल्या फोटोंमध्ये तिची नक्षी शोधली. सापडली नाही. मग तिच्या मागे पेन्सिलने लिहिलं: कुठे घेतली, कोणत्या तारखेला, किती पैशाला, विक्रेता काय म्हणाला. त्याखाली लिहिलं, 'यापूर्वीचं माहीत नाही'. माझ्या प्रबंधात ही टाइल येणार नाही. पण ज्या दिवशी एखाद्या कागदाचा गठ्ठा-क्रमांक टिपायचा कंटाळा येतो, त्या दिवशी मी ती उलटी करून ठेवते.